घाटात पळालेली घोडी

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, डिसेंबरात आम्ही आलो की घोडी आम्हाला उडी मारून दाखवेल का. मी म्हटलं, ती आता उड्या मारत नाही. त्यावर धाकट्यानं सहज सांगून टाकलं, "हो, आई म्हणाली, आप्पा आजोबांनी तिला बिघडवलं." पुढे तुम्ही शाळेच्या सहलीबद्दल बोलत राहिलात. मला त्यातलं काही नीट ऐकू आलं नाही.

हे वाक्य आपल्या घरात चार वर्षं फिरतंय. आता ते तुमच्यापर्यंत पोचलं. डिसेंबरात तुम्ही आप्पांच्या ओट्यावर जाल, ते तुम्हाला जवळ घेतील, आणि तुमच्या मनात ते वाक्य असेल. त्याआधी खरं काय झालं ते तुम्हाला कळलं पाहिजे. ताईला मी मंगळवारी सांगितलं, तुमच्या मामाला बुधवारी. आता तुम्हाला लिहिते.

मी एकतीस वर्षं शिरूरला शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि तुम्हाला इंग्रजी वाचणं सोपं जातं हेही मला ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहिते, कारण यातली माणसं मराठीतच बोलली. अडेल तिथे आईला विचारा. नावं लिहीत नाही, नात्यानं लिहिते. ताई म्हणजे तुमच्या मामाची मुलगी. आप्पा म्हणजे माझे धाकटे दीर, तुमच्या आजोबांचे सख्खे भाऊ.

आपल्याकडच्या बैलगाड्यांच्या शर्यती तुम्ही व्हिडिओत पाहिल्या आहेत. चढावर आखलेली सरळ, रुंद वाट असते, तिला घाट म्हणतात. हलक्या गाड्याला चार बैल, गाड्यात माणूस कुणी नाही, आणि बैलांच्या पुढे स्वार बसलेली एक घोडी. घोडी पळते म्हणून बैल तिच्यामागे पळतात. एका वेळी एकच गाडा सुटतो आणि सेकंदांवर निकाल लागतो. अशा एका पळण्याला बारी म्हणतात. गावच्या यात्रेत पहिली बारी आपल्या घराच्या गाड्याची. दोन भावांची वाटणी झाली तेव्हा गाडा आणि बैल आप्पांकडे गेले, घोडी आपल्याकडे राहिली. त्यामुळे यात्रेच्या दिवशी आप्पांना बांध ओलांडून घोडी मागायला यावं लागायचं, आणि तुमचे आजोबा त्यांना मुद्दाम चहा होईपर्यंत थांबवायचे.

मग शर्यतींवर बंदी आली. ती बरीच वर्षं राहिली. तुमचे आजोबा त्याच काळात गेले. आप्पांनी बैल विकले नाहीत, शेतात जुंपले. आपली घोडी दारात उभी राहून जाड झाली. त्याच दिवसांत तिला शिंगरू झालं. त्याचा बाप खुटबावजवळच्या रिसालदारांचा घोडा, पूर्वी रेसमध्ये पळालेला. हे रिसालदार घोडदळातून निवृत्त झाले होते आणि माळावर त्यांनी घोडेस्वारी शिकवायचं मैदान केलं होतं. शिंगराची उंची बापाची आली, रंग लालसर तपकिरी. कान मात्र आईचे, टोकाशी आत वळलेले.

हे शिंगरू म्हणजे तुमची घोडी. ती दोन वर्षांची असताना एकदा कालव्याची चारी भरून वाहत होती. आईला पलीकडे चरायला नेलं होतं, हिला अलीकडे बांधलं होतं. दावं तोडून ही चारीशी आली, क्षणभर थबकली, कान पुढे केले, इतके पुढे की दोन्ही टोकं एकमेकांना टेकली, आणि पाण्यावरून पलीकडे गेली. ताई तेव्हा सोळा वर्षांची होती.

"आजी, तिनं कान जोडले, बघितलंस?" ती म्हणाली.

मी तिचे पाय बघत होते. एखादा मोडला तर, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेव्हापासूनचा माझा सगळा काळ हा असाच गेला.

ताईनं हट्टानं घोडी रिसालदारांकडे नेली. त्यांनी आधी जमिनीवर एक बांबू ठेवला, मग तो वीतभर उचलला, मग दोन बांबू, मग पेंढ्यांची रांग, मग झुडपांचं छातीएवढं कुंपण. वर्ष-दीड वर्ष गेलं त्यात. ते ज्या शर्यतीसाठी तयार करत होते तिला स्टीपलचेस म्हणतात. गवताची लांब वाट, तिच्यावर अंतराअंतरावर अशी आडवी कुंपणं, आणि घोड्यानं वेग न सोडता ती ओलांडायची. रिसालदार कुंपणाला जंप म्हणायचे, म्हणून ताईही जंपच म्हणायची. शर्यतीच्या आधीचे दहा-बारा दिवस ते घोडीला घरी पाठवायचे, घरच्या चाऱ्यापाण्यावर तिचं मन शांत राहतं म्हणून.

पहिल्याच मोसमात ती दोन मोठ्या जातिवंत घोड्यांच्या मागे तिसरी आली. दुसऱ्या वर्षी पुण्याला पहिली आली. तिथल्या एकानं घोडी कुठली म्हणून विचारलं, तर रिसालदार म्हणाले, "बाप रेसचा, आई बैलांच्या म्होरं पळणारी. लिहून घ्या, असं पुस्तकात सापडायचं न्हाई."

मी प्रत्येक वेळी जायचे. पिशवीत पट्ट्या, कापूस, मीठ-साखरेचं पाणी, ताईचे कोरडे मोजे, सगळं यादी करून घ्यायचे. आणि उडी मी एकही पूर्ण पाहिली नाही. कुंपण जवळ आलं की मी घोडीचे कान बघायचे. टोकं जुळली की तिनं कुंपण पाहिलंय, मोजलंय, हे मला कळायचं. मग मी डोळे मिटायचे आणि टापा पुन्हा जमिनीवर वाजल्या की उघडायचे. ताई मला हसायची. म्हणायची, "तू तिकीट काढून झोपतेस, आजी."

तिसऱ्या वर्षी, घोडी पाच वर्षांची असताना, दक्षिणेकडच्या एका नावाजलेल्या प्रशिक्षकांचा रिसालदारांना निरोप आला. माघ संपताना होणाऱ्या शर्यतीला ते स्वतः येणार होते. घोडी पसंत पडली तर ती आणि ताई, दोघींना वर्षभर त्यांच्याकडे राहून शिकायला मिळणार होतं. ताई कॉलेजसाठी पुण्याला राहायची. हे कळल्यापासून तिचं फोनवरचं बोलणं कमी झालं. नीट झोप लागत नाही म्हणाली. मीही जेवताना मध्येच उठून घोडीच्या पाण्याची बादली बघून यायचे.

त्याच हिवाळ्यात शर्यतींवरची बंदी उठली.

माघी पौर्णिमेला गावची यात्रा. सकाळी दहाच्या सुमाराला आप्पा बांध ओलांडून आले. फेटा बांधलेला, पण चेहरा उतरलेला. ताईची शर्यत तेव्हा दहा दिवसांवर होती.

"वहिनी, म्हातारीच्या पायाला सूज हाय," ते म्हणाले. म्हातारी म्हणजे आपली जुनी घोडी, सरावासाठी आठवडाभर त्यांच्याकडे नेलेली. "पळवली तर बसंल खाली. दुपारी पयला गाडा आपला. इतक्या वर्सानं घाटाला निशाण लागतंय."

"दुसऱ्या कुणाची घोडी बघा ना, आप्पा."

"बगितली. न्हावऱ्याची एक मिळती. पन बैल तिला वळखत न्हाईत, तिच्यामागं न्हाई निघायचे. पोरीच्या घोडीला वळखत्यात. एका हौदावर वाढल्यात सगळी."

"तिची दहा दिवसांनी शर्यत आहे."

"मंग? तिथंबी पळायचंच हाय की. एक बारी, वहिनी. तुमच्या इंग्रजीच्या तासाची घंटा व्हायच्या आत आणून बांधतो."

मला हसू आलं. त्यांनी ते पाहिलं. मग गंभीर होऊन म्हणाले, "पोरीला फोनवर इच्यारू का? तिची वस्तू हाय. तिनं न्हाई म्हनलं तर राहिलं."

इथे मी जे बोलले ते तुम्ही नीट वाचा. मी म्हटलं, "तिची परीक्षा चालू आहे, फोन करू नका. मी सांगेन तिला नंतर." मग मी घोडीचे चारही पाय हातानं चाचपले, पुढच्या दोन्ही पायांना पट्ट्या बांधल्या, आणि लगाम माझ्या हातानं त्यांच्या हातात दिला. तुमचा मामा कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

मी पाठोपाठ घाटाकडे गेले. मला काळजी फक्त पायांची होती. खडा लागेल, मुरगळेल, बैलाचं शिंग लागेल, हे सगळं मनात मोजून झालं होतं. घाटाच्या वरच्या टोकाला मी उभी राहिले, कारण पळून थांबताना पाय जातात असं रिसालदार म्हणायचे.

घाटाच्या वरच्या टोकाला काय असतं ते सांगायला हवं. तिथे माणसं असतात. वाटेच्या कडेला नाही, वाटेतच. गाडा सुटतो तेव्हा शे-दोनशे माणसांची भिंत असते तिथे, आणि घोडी अगदी अंगावर आली की ती मधोमध फाटते. सगळ्यांना त्याची सवय आहे. जुन्या घोड्यांनाही आहे. समोर काही असो, आपण पळत राहायचं, ते आपोआप बाजूला होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पहिल्या बारीला आपली घोडी वर आली तेव्हा माणसांची भिंत पाहून तिनं कान जोडले. पावलं आखूड केली. ती उडी घेणार होती. पाठीवरच्या स्वारानं लगाम ओढून टाच मारली, माणसं फाटली आणि ती मधून निघून गेली. मी पुढे जाऊन पाय चाचपले. शाबूत होते. गाड्याची वेळ इतकी चांगली आली की तो पुढच्या फेरीत गेला. दुसऱ्या बारीला तिनं कान जोडले, पण उशिरा, आणि लगेच सोडले. गाडा अंतिम फेरीत गेला. आता आप्पांना थांबवणं कुणाला शक्य नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही थांबवावंसं वाटत नव्हतं. लोक मला पाहून म्हणत होते, बाईंची घोडी, बाईंची घोडी.

तिसऱ्या बारीला तिचे कान सैल होते. ती माणसांच्या भिंतीवर सरळ आली, जणू समोर काहीच नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, शहाणी झाली. आता धडपडायची नाही.

आप्पांनी भंडारा उधळला, तो घोडीच्या आयाळीत बसला. संध्याकाळी मी तो ओल्या फडक्यानं पुसून काढला आणि पट्ट्या सोडून पाय पाहिले. कुठे ओरखडाही नव्हता. ताईचा फोन आला तेव्हा तिनं पेपर कसा गेला ते सांगितलं. मी म्हटलं, इकडे सगळं ठीक. मामाच्या कानावर 'बाईंची घोडी पळाली' एवढंच आलं, तो म्हातारीच समजला.

पाच दिवसांनी तुमच्या मामानं सवयीप्रमाणे अंगणात दोन पिंपांवर बांबू ठेवून घोडीला त्याच्यावरून फिरवलं. तो बांबू ती झोपेतही ओलांडायची. त्या दिवशी ती सरळ चालत गेली. बांबू छातीला लागून पडला तेव्हा दचकली. मामा म्हणाला, "आळस आलाय हिला. भरडा कमी कर, आई." मी कान पाहिले होते. ते जुळलेच नव्हते.

त्या क्षणी मला घाटाचं वरचं टोक आठवलं आणि सगळं कळलं. तिला वाटलं होतं, बांबू बाजूला होईल.

बांबूचं ठीक. शर्यतीतली कुंपणं जमिनीत रोवलेली असतात.

मी तेव्हाच मामाला सांगायला हवं होतं. मी त्याला पुन्हा बांबू ठेवायला सांगितलं. दुसऱ्यांदा तिनं ओलांडला. तिसऱ्यांदाही. मी स्वतःला समजावलं, विसरली ती. त्यानंतर रोज मी त्याला दहा वेळा बांबू ठेवायला लावला. नऊदा ती ओलांडायची, एकदा पाडायची. ते एकदा कधी पहिलं असायचं, कधी सातवं. ताई शनिवारी संध्याकाळी आली. तिचा उत्साह बघून मी सांगणं दुसऱ्या दिवसावर ढकललं. घोडीला मिठी मारून ती म्हणाली, "आयाळ पिवळट का दिसतेय?" मी म्हटलं, ऊन.

रविवारी पहाटे रिसालदारांच्या मैदानाकडे निघालो. शर्यत तिथेच होती. पिकअपमध्ये मागे घोडी, पुढे मामा, मध्ये ताई, खिडकीशी मी. मोटारसायकलवर गेलं तर तासाभराची वाट, पण घोडी घेऊन हळू जावं लागतं. मी प्रत्येक गावाला ठरवत होते, पुढच्या गावी सांगू. केडगावला रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मामानं गाडी बंद केली. मालगाडी आली, डबे संपेचनात. मी म्हटलं, "ताई, एक सांगायचंय."

"आजी, आत्ता नको," ती म्हणाली. तिनं डोळे मिटले होते. "मी मनात कोर्स पळतेय. चौथ्या जंपवर आहे."

फाटक उघडलं.

मैदानावर रिसालदारांनी तंबू लावला होता. पाहुणे प्रशिक्षक पांढऱ्या टोपीत, हातात वही, फार कमी बोलणारे. त्यांना नीट बघता यावं म्हणून त्या दिवशी एकेकच घोडा सुटणार होता, सगळ्यांत आधी आपली घोडी. ताई खोगीर कसत होती. नाव पुकारायला पाच-दहा मिनिटं उरली असताना मी तिच्या जवळ गेले आणि एका दमात सांगितलं, घोडी यात्रेत घाटात पळाली, तीन बाऱ्या, आणि वरच्या टोकाला माणसं फाटतात त्याची तिला सवय लागलीय.

ताईचा हात खोगिराच्या पट्ट्यावर थांबला.

"आप्पांनी तुला न विचारता नेली?"

मी मान हलवली. होकारार्थी. एवढंच. बोलले नाही, पण त्यानं काही फरक पडत नाही.

ती रागावली नाही, निदान तेव्हा नाही. तिनं विचारलं, "माणसं किती जवळ आल्यावर बाजूला व्हायची?"

"वीस फूट. पंधरा असेल."

"मग मला चाळीस फुटांवर तिला जागं करावं लागेल," ती स्वतःशी म्हणाली.

"नको जाऊस. साहेबांना सांगू, पाय दुखतोय म्हणून."

"आजी, ते इतक्या लांबून आलेत. तू इथं तंबूत थांब. कुठं जाऊ नकोस."

मी थांबले नाही. पाचव्या जंपपाशी गावची पाऊलवाट मैदानाला लागत होती. तिथे खुटबावचे आणि आसपासचे लोक मोटारसायकली लावून फोन काढून उभे होते, आणि तेही कुंपणाच्या अलीकडे, वाटेतच. तंबूतून मला ते दिसले. घोडी यांच्या अंगावर आली तर, एवढंच मला सुचलं. मी माळातून ढेकळं तुडवत तिकडे निघाले. मागून टापांचा आवाज सुरू झाला होता. ताई मोठ्यानं ओरडली. चाळीस फूट, मी मनात म्हटलं. टापा थांबल्या आणि पुन्हा वाजल्या. पहिली. वळून बघायचा धीर नव्हता. दुसरी. तिसऱ्या वेळी वळून पाहिलं. ताई ओरडली, घोडीनं कान जोडले, उशिरा, पण जोडले, आणि कुंपणाचा शेंडा घासून पलीकडे गेली.

मी पाचव्यापाशी पोचले तेव्हा धाप लागली होती. "बाजूला व्हा," मी म्हटलं. "दोन्हीकडे रांगा करा. मध्ये कुणी थांबू नका."

"सरकतो की, बाई," एक जण म्हणाला. "घोडं तर येऊ द्या."

"प्रार्थना म्हणायची का आता?" दुसऱ्यानं विचारलं, आणि सगळे हसले.

ते जागचे हलले नाहीत. इकडच्या माणसाला घोडा दिसल्याशिवाय हलायची सवय नाही. आणि मग चौथं कुंपण ओलांडून घोडी उंचवट्यावरून दिसली. मी दोन्ही हात पसरले आणि शाळेत ओरडायचे तशी ओरडले. माणसं लगेच बाजूला झाली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे, मधोमध फाटून. त्यांच्यामागे लपलेलं कुंपण उघडं पडलं.

घोडीचे कान पुढे आलेच होते. टोकं टेकायला थोडं अंतर होतं. माणसं फाटली तशी ते सैल सुटले. ताईची हाक ऐकू आली. तिनं दोनदा हाक मारली. घोडी सरळ कुंपणात घुसली.

या वेळी मी डोळे मिटले नाहीत, म्हणून सगळं पाहिलं. ते लिहून उपयोग नाही. ताई पलीकडे खांद्यावर पडली. घोडी तिच्या बाजूला पडली, तिच्यावर नाही, तेवढं वाचलं. लोकच आधी धावले. ज्यानं प्रार्थनेचं विचारलं होतं त्यानं आपला शर्ट काढून ताईच्या मानेखाली घातला आणि मला म्हणाला, "बाई, हलवू नका तिला. बोलत ऱ्हावा तिच्याशी." मी काय बोलले ते आठवत नाही. ताई म्हणत होती, "घोडी उठली का? आजी, घोडी उठली का?" घोडी उठली होती. पुढचा डावा पाय टेकत नव्हती.

दौंडला दवाखान्यात फोटो काढले. कॉलरबोन दोन ठिकाणी मोडलं होतं, मान शाबूत होती. ऑपरेशन होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसून होते. मामा येरझाऱ्या घालत होता. प्रशिक्षक संध्याकाळी येऊन विचारपूस करून गेले. चांगले गृहस्थ. घोडीबद्दल काही बोलले नाहीत, आणि त्यांनी काही बोलायची गरजही नव्हती. रिसालदार घोडीपाशी राहिले. पायाची नस गेली होती. ती चालेल, पण पुन्हा या खेळात उतरायची नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं.

ताईनं शुद्धीवर आल्यावर वडिलांना सांगितलं की आप्पांनी न विचारता घोडी घाटात नेली होती. तिला तेवढंच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तुमचा मामा आप्पांच्या ओट्यावर जाऊन, माझ्या मुलाच्या तोंडी मी कधी ऐकले नव्हते असे शब्द बोलून आला. मी बांधापाशी उभी होते. मला वाटलं, आता आप्पा म्हणतील, वहिनींनी दिली. ते म्हणाले, "चुकलं माझं." आणि खाली बसले.

आठवड्यानं ते विहिरीपाशी भेटले. मी म्हटलं, "आप्पा, मी आजच सांगते सगळ्यांना."

"नका सांगू," ते म्हणाले. "पोरगी तुमच्याजवळ ऱ्हाती. आईमागं तुम्हीच वाढवलीय तिला. हात गळ्यात बांधलाय, आन् त्यात तुमच्यावरनं मन उडालं तर ती कुणाकडं बघंल? माझ्यावरनं उडालं तर चालंल."

मी ते मान्य केलं. आधी वाटलं, ताईचा हात बरा होईपर्यंत. मग वाटलं, तिची परीक्षा होईपर्यंत. मग त्या गोष्टीचा विषयच निघेनासा झाला आणि मला ते सोयीचं पडलं. चार वर्षांत मामा आप्पांच्या दारात गेला नाही. त्यानं बांधावरच्या वाटेत बोरीच्या काट्या टाकल्या. पुढच्या यात्रेला आप्पांनी गाडा काढला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बैल विकले. मी हे सगळं खिडकीतून पाहत होते, आणि रोज जरा घाबरत होते, की आज कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी ताई घोडीसाठी हरभरे भिजत घालत होती. मी तिला दोन्ही गोष्टी सांगितल्या. लगाम माझ्या हातानं दिला होता, फोन मीच करू दिला नव्हता. आणि पाचव्यापाशी माणसं मी बाजूला केली. तिनं हरभऱ्यांत पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि आत गेली. बुधवारी मामा ऐकून न जेवता पाळीला गेला. दोन दिवस ताई माझ्याशी कामापुरतं बोलली. मला तेही फार वाटलं.

शुक्रवारी सकाळी ती चहा घेऊन माझ्यासमोर बसली. "पाचव्या जंपला तिचे कान कधी सुटले? माणसं हलायच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"नक्की?"

"नक्की. मी तेच बघत होते."

"म्हणजे चारही जंपना तिनं माझं ऐकलं होतं," ती म्हणाली. "मला चार वर्षं वाटत होतं, माझी हाक कमी पडली." मग म्हणाली, "तू हे त्याच दिवशी सांगायला हवं होतंस, आजी." मी म्हटलं, हो. तिनं कप विसळून पालथा घातला, कोयता घेतला आणि बांधावर जाऊन काट्या बाजूला ओढल्या. आप्पांच्या ओट्यावर ती तासभर होती. काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. मामा अजून गेलेला नाही. जाईल असं मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. घोडी जिवंत आहे, नऊ वर्षांची आहे, डावा पाय जाड आहे, चालते आणि नीट खाते. तुमची ताई रविवारी रिसालदारांच्या मैदानावर मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. तिच्या खांद्यात धातूची पट्टी आहे, पण हात डोक्यावर पूर्ण जातो. आप्पा एक्याऐंशी वर्षांचे आहेत, त्यांना डाव्या डोळ्यानं कमी दिसतं. बांधावरची वाट शुक्रवारपासून मोकळी आहे.